पेवात ठेवलेलं भिंग

माझ्या जुन्या वहीत एक ओळ अजून आहे: "रुंद भिंग – हळदीच्या पेवात. चिंचेपासून उगवतीला अकरा पावलं." वही कोणा परक्याच्या हाती लागली तर त्याला वाटेल, बाईचं डोकं फिरलं होतं. फिरलं नव्हतं. पण ती ओळ लिहिताना मी एक साधा प्रश्न विचारायला विसरले, आणि त्यापायी आमची अख्खी सकाळ गेली. याद्या करणाऱ्या माणसानं स्वतःची चूक आधी लिहावी, म्हणून ती पहिल्यांदा लिहिली.

आता भिंगाविषयी. आमच्या यांचा सांगलीत फोटो स्टुडिओ होता. समोर बसणाऱ्यांना हसवायचं, मान सरळ करायची, फोटो काढायचा हे यांचं काम. फिल्म धुणं, सामान सांभाळणं आणि कोणती वस्तू कुठे आहे ते लक्षात ठेवणं हे माझं. आमच्याकडे दोन कॅमेरे. एक मोठा लाकडी, काळ्या फडक्याखाली डोकं घालायचा. दुसरा छोटा जर्मन, तळहातात मावणारा. या छोट्या कॅमेऱ्यात भिंगातून बघायचं नसतं. बघायची खिडकी वेगळी, भिंग वेगळं. खिडकीत एकाच माणसाच्या दोन आकृती दिसतात. चकती फिरवून त्या एकमेकींवर बसवल्या की अंतर जुळलं. सोय मोठी, पण धोकाही तेवढाच. भिंगावर टोपण तसंच राहिलं तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं, आणि माणूस खुशाल फोटो काढत राहतो. एका मुंजीत यांनी अख्खा रोल असा काळा केला होता. तेव्हापासून टोपण काढून माझ्या पदराच्या गाठीत बांधायचं, असा नियम मी घातला.

माझा धाकटा भाऊ पलटणीत होता. लढाई संपल्यावर तो इटलीहून परत आला तेव्हा दाजींसाठी म्हणून मोज्यात गुंडाळून एक वस्तू घेऊन आला. चुन्याच्या डबीएवढी, वरची काच हरभऱ्याच्या डाळीएवढी. तिकडच्या एका गावात पडझड झालेलं फोटोचं दुकान होतं. तिथल्या म्हाताऱ्यानं चहाच्या दोन डब्यांच्या बदल्यात ती दिली होती.

"दाजी, हे दुर्बिणीचं हाय का कशाचं, मला ठावं न्हाई," भाऊ म्हणाला. "पर म्हातारा देताना रडला. म्हंजे चांगलंच असंल."

यांनी ते कॅमेऱ्यावर फिरवून बघितलं. आटे जुळले. पहिली फिल्म धुतली तेव्हा आम्ही दोघं बघतच राहिलो. स्टुडिओच्या एका भिंतीला पाठ लावून काढलेल्या फोटोत समोरची भिंत तर होतीच, शिवाय दोन्ही बाजूंच्या भिंती, वरची तुळई आणि खाली यांच्या चपला. हे ते भिंग पुण्याच्या दुकानदाराला दाखवायला घेऊन गेले. तो म्हणाला, असं भिंग मी फक्त माहितीपत्रकात बघितलंय, हिंदुस्थानात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील. या भिंगासोबत एक वेगळी खिडकी मिळते, कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायची, तिच्यातून नेमकं किती येणार ते दिसतं. ती आमच्याकडे नव्हती. इटलीतच राहिली असावी. मी जमिनीवर खडूनं रेघा मारून चार फोटो काढायला लावले आणि हिशेब वहीत उतरवला: सात फुटांवर नऊ फूट रुंदी, सहा फूट उंची. एवढ्यावर आमचं भागत होतं.

पहिल्याच पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या मूळ भिंगात बुरशी धरली. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे, आतल्या काचेवर. ते पुण्याला पाठवून साफ करून आणलं, पण यांनी धसका घेतला. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर रुंद भिंग कुठे ठेवायचं, हा विचार यांना जेवताना, झोपताना. मी तांदळाच्या डब्यात ठेवा म्हटलं. यांना पटेना.

त्याच सुमारास यांचे एक स्नेही, हळदीचे अडते, सहकुटुंब फोटो काढायला आले. बोलता बोलता म्हणाले, "आमच्या पेवात हळद पाच-पाच वर्षं राहते. कीड नाही, बुरशी नाही. टाकली तशी काढा."

बाहेरच्यांसाठी सांगते. सांगलीजवळ हरिपूरला नदीकाठच्या रानात जमिनीत खोल खड्डे आहेत, त्यांना पेव म्हणतात. तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट मात्र खोलीएवढं. आत पाचट आणि चटया लावून हळद भरतात, तोंडावर फरशी ठेवतात आणि वरून माती लिंपून टाकतात. वरून पाहिलं तर नुसतं रान. गिऱ्हाईक मिळालं की मगच पेव उघडायचं.

यांनी भिंग पितळी डबीत घातलं, झाकणाभोवती मेण ओतलं, वर मेणकापड गुंडाळलं, आणि अडत्यांचं पेव बंद होताना त्या हळदीच्या राशीवर ठेवून आले. मला घरी येऊन सांगितलं. मी कपाळावर हात मारला.

"अहो, हळदीत काच ठेवतं का कोणी?"

"काच नाही, डबी ठेवली. लिहून घे. चिंचेपासून उगवतीला अकरा पावलं."

मी लिहून घेतलं.

देश स्वतंत्र झाला तो हाच पावसाळा. माझं माहेर साताऱ्याच्या बाजूला, सातारा रोड स्टेशनपासून गाडीवाटेनं दोन कोस. श्रावणात आबा बैलगाडीवरून पडले. माझे वडील म्हणजे उभ्या आयुष्यात दुपारी आडवा न झालेला माणूस. डॉक्टरांनी सांगितलं, मणका दुखावलाय, अंथरुणावरून हलवायचं नाही. आबा आतल्या खोलीत पडून राहिले. खोली दहा फूट लांब, आठ फूट रुंद. बाज त्या खोलीतच विणलेली, ती दारातून बाहेर निघत नव्हती.

दसऱ्याला आम्ही सगळी भावंडं जमलो. थोरला भाऊ शेती बघायचा, तो घरीच. पलटणीतला धाकटा रजेवर आलेला. मी, आणि सगळ्यांत धाकटी बहीण. आबांनी फार काही मागितलं नाही. एवढंच म्हणाले, "सगळी एका फोटूत पायजे. तुमची आई आनी तुमी चौघं. मला भिंतीवर बघायला."

यांनी छोटा कॅमेरा नेला होता. भिंतीला पाठ टेकून, दारात उकिडवं बसून, खिडकीच्या कोनाड्यात अंग चोरून, सगळं करून बघितलं. साध्या भिंगात आबा आणि फार तर दोघं मावत. दाटीवाटीनं एक फोटो काढला, तो सांगलीला येऊन धुतला. त्यात आबा, दोन भाऊ, माझं अर्धं तोंड. आईचा फक्त हात, हिरव्या बांगड्यांचा, आबांच्या उशीवर ठेवलेला. बहीण तर नाहीच. तिचे पाय होते.

चार दिवसांनी धाकटा भाऊ फोटो न्यायला म्हणून सांगलीला आला. त्याच्या खिशात तार होती. रजा रद्द, शनिवारी हजर व्हायचं. काश्मीरकडे पलटणी निघाल्याचं पेपरात येत होतं, त्यामुळे कुठे जायचं ते त्यानं सांगायची गरज नव्हती. फोटो हातात घेऊन तो बराच वेळ बघत राहिला.

"आक्का, आई कुठं हाय?"

मी बोट दाखवलं.

"ह्यो हात व्हय?" तो हसला, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. "हे आबांस्नी न्हाई दाखवायचं. दाजी, माझं भिंग कुठं हाय? ते इटलीचं?"

आमचे हे भिंतीकडे बघायला लागले. शेवटी मीच सांगितलं.

"हळदीत?" भाऊ म्हणाला. "आक्का, तिकडं तोफा चालत हुत्या तवा मी ते उराशी धरून आनलं. आनी तुमी त्याचं लोनचं घातलं?"

तो सोमवार होता. मी वही उघडली आणि उलटं मोजलं. शनिवारी हजर व्हायचं म्हणजे शुक्रवारी सकाळी त्यानं गाव सोडायला हवं. म्हणजे फोटो गुरुवारी, दुपारी, उजेड असताना. म्हणजे बुधवारी गाडी. म्हणजे पेव उद्या, मंगळवारी. दुसरा दिवस नव्हताच. आबांचं काय होणार हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं, आणि भावाचं कोणीच सांगू शकत नव्हतं. दोघं एका खोलीत पुन्हा कधी असतील, हे मी वहीत लिहिलं नाही. पण त्या दिवशीची सगळी मोजणी त्यासाठीच होती.

तासाभरात मी अडत्यांच्या दुकानात उभी होते. हे माझ्या मागे, भाऊ यांच्या मागे.

"वहिनी, पेव म्हणजे काय फडताळ आहे?" अडते म्हणाले. "एकदा तोंड फोडलं की वारा आत जातो. माल काढावाच लागतो. एका डबीसाठी पेव उघडायचं?"

मी विचारलं, "दिवाळीच्या आधी तुम्हाला माल पाठवायचाय का कुठे?"

"पाठवायचाय की. मद्रासचा व्यापारी बसलाय. बुधवारी पलीकडचं पेव फोडणार आहे."

"दोन्ही पेवांत एकाच सालची हळद?"

"एकाच सालची."

"मग पलीकडच्याऐवजी हे फोडा. आणि बुधवारऐवजी उद्या."

अडत्यांनी मान डोलावली. मग यांना म्हणाले, "अहो, यांना स्टुडिओत कशाला कोंडून ठेवलंय? बाजारात बसवा."

मंगळवारी सकाळी आम्ही हरिपूरच्या रानात पोचलो. पेवांवर जन्म काढलेले एक म्हातारबा आणि फावडी घेतलेले दोघं गडी अडत्यांनी पाठवले होते. पेवं नेमकी कुठं आहेत ते अडत्यांच्या मुकादमाला ठाऊक, पण तो कामासाठी गावी गेलेला. पावसानं गुडघाभर गवत माजलं होतं. मी वही काढली, चिंचेच्या बुंध्याला पाठ लावली, उगवतीला तोंड केलं आणि मोजून अकरा पावलं टाकली. "इथे."

गड्यांनी खणलं. हातभर खाली गेले, फरशी नाही. डावीकडे खणलं, उजवीकडे खणलं. ऊन वर आलं. भाऊ येरझाऱ्या घालत होता. मी वही पुन्हा वाचली. अकरा म्हणजे अकराच. माझा माझ्या वहीवर इतका विश्वास, की चिंच कोणी हलवली असेल असंही एकदा मनात येऊन गेलं.

हे चिंचेकडे आणि माझ्या खड्ड्याकडे आळीपाळीनं बघत होते. हळूच म्हणाले, "अगं, पावलं माझी होती."

आमचे हे सहा फुटांच्या वर. मी पाच फुटांच्या खाली. त्यांनी बुंध्याला पाठ लावली आणि सरळ चालत गेले. माझ्या खड्ड्याच्या कितीतरी पुढे जाऊन उभे राहिले. फावड्याच्या चौथ्या घावाला दगडाचा आवाज आला.

भाऊ म्हणाला, "आक्का, आता वहीत पावलांची मापं पन लिवत जा." म्हातारबा हसायला लागले, गडी हसायला लागले, मग मलाही हसू आलं. त्या दिवसापासून माझ्या कोणत्याही यादीत पावलं नाहीत. फूट आणि इंच.

फरशी सरकवली आणि हळदीचा कोंदट, ऊबदार वास आला. भाऊ बाह्या सरसावून तोंडाशी बसला. म्हातारबांनी त्याच्या दंडाला धरून मागं ओढलं.

"कुठं निघालास?"

"आवं, वरच तर असंल डबी. दम धरून जातो आनी येतो. मी मिल्ट्रीतला गडी हाय."

"मिल्ट्रीत वारा असतोय रं. हितं न्हाई. हितं भलंभलं गडी खाली गेलं ते वर आलं न्हाईत. बस गप."

म्हातारबांनी दोरीला कंदील बांधून आत सोडला. तो पुरुषभर खाली गेला आणि विझला, फुंकर मारल्यासारखा. आम्ही चिंचेच्या सावलीला बसलो. मी बरोबर भाकरी आणली होती, ती सगळ्यांनी खाल्ली. तासाभरानं पुन्हा कंदील सोडला. या वेळी जरा खाली गेला, पण विझला. लढाईतून आलेला माझा भाऊ त्या भोकाकडे बघत गुडघ्यावर बोटं वाजवत होता. मी त्याला इतका घाबरलेला कधी बघितला नव्हता, आणि तो स्वतःसाठी घाबरला नव्हता.

तिसऱ्यांदा कंदील राशीला टेकला आणि जळत राहिला. म्हातारबा स्वतः उतरले. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "वडा!" दोरीला बांधून मेणकापडाचं गाठोडं वर आलं. मेण जसंच्या तसं होतं. ते खरवडून झाकण मी उघडलं. भिंग उन्हाकडे धरून यांनी एक डोळा मिटला. मग ते बोटांत हळूहळू फिरवलं.

"धागा नाही," हे म्हणाले. "एकसुद्धा नाही."

भावानं भिंग हातात घेतलं, वास घेतला आणि म्हणाला, "हळद लागली. आता ह्याचं लगीन लावा." मग चिंचेखाली जाऊन बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसत राहिला.

बुधवारी मिरजेला गाडी बदलून सातारा रोड. गाडीत मी यादी केली. कॅमेरा, तिकाटणं, दोन रोल, भिंग, फूटपट्टी, पांढरी धोतरं चार, आरसा. हे म्हणाले, "धोतरं कशाला?" या भिंगाला उजेड फार लागतो आणि आबांच्या खोलीला एकच झरोका, म्हणून. धोतरं भिंतींवर लावायची, अंगणातल्या आरशातून ऊन आत टाकायचं. तरीही उजेड पुरणार नाही असं मला वाटत होतं.

तो प्रश्न थोरल्या भावानं सोडवला. गुरुवारी सकाळी त्यानं खोली बघितली, वर बघितलं आणि म्हणाला, "आक्का, कौलं काढू का?" आम्ही कोणी उत्तर द्यायच्या आत तो छपरावर होता. वीसेक कौलं त्यानं उतरवून रचून ठेवली. खोलीत धूळ पडली, पाठोपाठ ऊन पडलं. आबांनी डोळे किलकिले करून वर बघितलं. श्रावणापासून त्यांनी आभाळ बघितलं नव्हतं.

"लय दिसानं," एवढंच म्हणाले.

कॅमेरा बाजेच्या पायथ्याशी, दाराच्या चौकटीत. आबांच्या पावलांपासून तीन फूट. बाजेच्या पलीकडे उशाशी आई, तिच्या बाजूला आम्ही चौघं. मी फूटपट्टीनं दोन्ही कडा मोजल्या आणि जमिनीवर कोळशानं रेघ ओढली. रेघेबाहेर कोणी पाय टाकायचा नाही. टोपण काढून पदराच्या गाठीत बांधलं. यांनी सांगितलं, चार आकडे म्हणेपर्यंत कोणी हलायचं नाही, डोळ्यांची पापणीसुद्धा.

"श्वास घ्यायचा का न्हाई?" आईनं विचारलं.

"तुम्ही घ्या, सासूबाई. बाकीच्यांनी धरा."

"आबा, तुमी हसू नका हां," बहीण म्हणाली. एवढं म्हटल्यावर आबांना हसू आलं, मग सगळ्यांनाच. पहिला फोटो तसा हसतानाच निघाला. दुसऱ्याला सगळे दगडासारखे उभे. तिसऱ्याला मध्येच कोंबडं आरवलं. असे सहा फोटो झाले. शेवटचा झाल्यावर यांनी दचकून विचारलं, "टोपण?" मी पदराची गाठ दाखवली. मग ते तिकाटणं आवरायला लागले.

शुक्रवारी पहाटे भाऊ गेला. निघताना त्यानं आबांच्या पायांवर डोकं ठेवलं. आबा म्हणाले, "फोटू बघाय थांबला असतास."

"तुमी बघा. मला मागनं धाडा."

आम्हीही त्याच दिवशी सांगलीला परतलो. हातपाय धुतले आणि मी फिल्म धुवायला घेतली. कौलांतून आलेला उजेड पुरला की नाही, भिंग खरंच स्वच्छ होतं की आम्हाला तसं वाटलं, आई रेघेच्या आत होती की नाही, हे सगळं आता त्या पाण्यात होतं. लाल दिव्यापाशी पट्टी वर धरली आणि मोजायला सुरुवात केली. एक आबा. दोन आई. तीन, चार, पाच, सहा. पुन्हा मोजलं. सहा. प्रत्येक फोटोत सहा. मी दाराआडून ओरडले, "सहा!" हे बाहेर उभे होते. दाराला पाठ लावून ते खाली बसले, ते मला आवाजावरून कळलं.

त्या भिंगाचा एक गुण म्हणा, दोष म्हणा, जे जवळ असतं ते फार मोठं येतं. फोटोत आबांची दोन पावलं पुढे, टोपलीएवढी. मागे आबांचा चेहरा लहान, पण हसरा. आम्ही पहिलाच फोटो निवडला. बांगड्या भरलेल्या दोन्ही हातांसकट पूर्ण आई त्यात होती. कडेला उभा असलेला थोरला भाऊ भिंगानं आडवा ताणून लठ्ठ केला होता, आमच्या वहिनी पुढे वर्षभर त्याला "सावकार" म्हणत होत्या.

फोटो घेऊन मी स्वतः गेले. आबांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी एकेकावर बोट ठेवून सगळ्यांची हजेरी घेतली. मग म्हणाले, "पाय लय मोठं आल्यात."

"भिंगाचा दोष हाय, आबा."

"दोष कसला? चाललोय बी लय."

एक प्रत मी पलटणीच्या पत्त्यावर पाठवली. भावाचं कार्ड आलं: फोटो पोचला, बराकीत सगळे विचारतात, एवढ्याशा खोलीत एवढी माणसं मावली कशी.

आबा माघ महिन्यात भिंत धरून उभे राहिले आणि पुढच्या दसऱ्याला काठी टेकत वेशीपर्यंत गेले. भाऊही परत आला, धडधाकट. पहिल्यांदा त्यानं काय विचारलं असेल तर, "भिंग कुठं हाय?" मी वही उघडून दाखवली. कपाट, वरून दुसरा खण, डावीकडून सात इंच, तांदळाचा डबा.